नवी मुंबईतील गृहबाजाराची मंदी

नवी मुंबईतील गृहबाजाराची मंदी म्हणजे नवी मुंबई आणि तिला लागून असलेल्या पनवेल-उरण पट्ट्यात सदनिकांच्या विक्रीत आलेले दीर्घकालीन शैथिल्य होय. या शहराने असे शैथिल्य १९९० च्या दशकाचा उत्तरार्ध, २००८-०९ आणि साधारणतः २०१३ ते २०२० अशा तीन काळांत अनुभवले. त्यांपैकी तिसरा काळ सर्वाधिक लांबला. या मंदीचे वैशिष्ट्य असे की, तिच्यात घरांचे जाहीर भाव फारसे उतरले नाहीत. विक्रीस लागणारा काळ, बांधकामाचा काळ आणि घराचा ताबा मिळेपर्यंतचा काळ मात्र वाढला. त्यामुळे तिचा भार किंमत-निर्देशांकांत कमी आणि घर आरक्षित केलेल्या कुटुंबांच्या व भूखंडधारक प्रकल्पग्रस्तांच्या जमाखर्चात अधिक उमटला.

पार्श्वभूमी

मुंबई बेटावरील गर्दी कमी करण्यासाठी खाडीपलीकडे जोडशहर वसवावे, ही कल्पना वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रविणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यात मांडली. राज्य शासनाने १७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळ, अर्थात सिडको, स्थापन केले आणि पुढील वर्षी त्यास नवनगर विकास प्राधिकरणाचा दर्जा दिला. तत्कालीन ठाणे व कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतील ९५ गावांचे सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र नियोजित शहरासाठी निश्चित करण्यात आले. वाशी, नेरूळ, सीबीडी बेलापूर, कोपरखैरणे, ऐरोली, घणसोली, सानपाडा, खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल, उलवे, द्रोणागिरी आणि पुष्पक अशा उपनगरांत, म्हणजे ‘नोड’मध्ये, शहराची विभागणी झाली.

भूसंपादनाच्या मोबदल्यावरून स्थानिक शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली दीर्घ लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासई परिसरात झालेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच आंदोलकांचा मृत्यू झाला. या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ जमीनमालकास परत देण्याची योजना आकारास आली. पुढे विमानतळासाठी विस्थापित झालेल्यांसाठी साडेबावीस टक्क्यांची योजना आणण्यात आली. या भूखंडांचा शहराच्या गृहबाजाराशी थेट संबंध आहे.

शहराची वाढ दळणवळणाच्या टप्प्यांनुसार झाली. ठाणे खाडीवरील पहिला वाशी पूल १९७३ मध्ये खुला झाला. मानखुर्द-वाशी लोहमार्ग १९९२ मध्ये आणि ठाण्याकडे जाणारा लोहमार्ग २००४ मध्ये सुरू झाला. नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ रोजी, तर पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेनुसार नवी मुंबई महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या ११ लाखांहून अधिक होती.

जमीनव्यवस्था आणि भाव

बहुतेक शहरांत जमीन अनेक मालकांकडे विखुरलेली असते. नवी मुंबईत ती प्रामुख्याने सिडकोकडे आहे. सिडको भूखंड विकत नाही, तर ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. विकासकांसाठीचे भूखंड निविदेद्वारे सर्वाधिक अधिमूल्य देऊ करणाऱ्यास मिळतात. या उत्पन्नातून रस्ते, मलनिःसारण, उद्याने आणि रेल्वेस्थानके उभारली जातात. नवी मुंबईतील उपनगरीय लोहमार्गांच्या खर्चातील ६७ टक्के वाटा सिडकोने आणि ३३ टक्के वाटा रेल्वेने उचलला आहे. सिडको अशा रीतीने एकाच वेळी नियोजनकार, जमीन देणारी संस्था आणि गृहनिर्माण करणारी संस्था असते.

या व्यवस्थेचे तीन परिणाम मंदीच्या काळात दिसून येतात. पहिला, तेजीत लागलेली निविदेची बोली त्या परिसराचा आधारभाव ठरते. जमिनीचे अधिमूल्य अल्प मुदतीत भरावे लागत असल्याने विकासक आरंभीच कर्ज काढतो आणि भाव कमी केल्यास त्याचा मूळ खर्चही निघत नाही. दुसरा, करारात ठरलेल्या मुदतीत बांधकाम पूर्ण न झाल्यास मुदतवाढीसाठी अतिरिक्त भाडेपट्टा अधिमूल्य आकारले जाते. म्हणजे विलंबाबरोबर खर्चही वाढत जातो. तिसरा, जमिनीची मागणी घटली की पायाभूत सुविधांसाठीचे उत्पन्नही घटते, आणि सुविधा रखडल्या की घरांची मागणी आणखी मंदावते.

साडेबारा टक्के योजनेतील भूखंडांचा व्यवहार वेगळा असतो. भूखंडधारक शेतकरी, विकासक आणि सिडको यांच्यात त्रिपक्षीय करार होऊन भूखंडाचे हस्तांतरण होते. काही वेळा शेतकरी रोख रकमेऐवजी तयार होणाऱ्या इमारतीतील काही सदनिका घेण्याचे मान्य करतो. उलवे, करंजाडे, तळोजा इत्यादी भागांतील अनेक लहान इमारती अशा भूखंडांवर उभ्या आहेत.

मंदीचे मापन

गृहबाजारातील मंदी मोजण्यासाठी सामान्यतः चार निदर्शकांचा आधार घेतला जातो: नोंदणी झालेल्या करारांची संख्या, नव्याने सुरू झालेले प्रकल्प, विक्री न झालेल्या सदनिकांचा साठा आणि भाव. साठा किती जड आहे हे तो संपण्यास लागणाऱ्या महिन्यांवरून कळते. उदाहरणार्थ, एखाद्या उपनगरात १,२०० सदनिका विक्रीविना असतील आणि दरमहा ४० विकल्या जात असतील, तर तो साठा संपण्यास ३० महिने लागतील. विक्री दरमहा २० वर आली, तर भावात एक रुपयाचाही फरक न पडता हाच काळ ६० महिन्यांचा होईल.

जाहीर भाव स्थिर राहिला तरी खरे मूल्य घटू शकते. ५० लाख रुपयांच्या सदनिकेचा भाव सहा वर्षे तेवढाच राहिला आणि त्या काळात महागाईचा दर वार्षिक ५ टक्के असेल, तर सहा वर्षांनंतरच्या ५० लाखांची क्रयशक्ती आरंभीच्या सुमारे ३७ लाखांइतकी उरते. याखेरीज वाहनतळाची जागा, मुद्रांक शुल्काचा भार किंवा स्वयंपाकघरातील सामान विकासकाकडून मिळणे, अशा सवलतींतूनही प्रत्यक्ष भाव उतरतो. परंतु नोंदणीकृत किमतीत तो दिसत नाही.

इतिहास

१९९० चे दशक

१९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणात मुंबई महानगर प्रदेशातील स्थावर मालमत्तेचे भाव वेगाने वाढले आणि १९९५ च्या सुमारास शिखरावर पोहोचले. त्यानंतरच्या घसरणीत नवी मुंबईलाही झळ बसली. त्या काळी गृहकर्जाचे व्याजदर दोन अंकी होते आणि घरखरेदीत बचतीचा वाटा मोठा असे. २००० नंतर व्याजदर उतरले, माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील रोजगार वाढला आणि बाजार पुन्हा सावरला.

२००८-०९

केंद्रीय मंत्रिमंडळाने २००७ मध्ये नवी मुंबई विमानतळास तत्त्वतः मान्यता दिल्यावर पनवेल, उलवे आणि द्रोणागिरी भागांतील जमिनीस मागणी वाढली. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही वित्तसंस्था कोसळली आणि जागतिक पतपुरवठा आक्रसला. भारतात सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी डिसेंबर २००८ मध्ये २० लाख रुपयांपर्यंतच्या गृहकर्जांसाठी सवलतीचे व्याजदर जाहीर केले. ही मंदी अल्पजीवी ठरली.

२०१३ ते २०२०

तिसऱ्या मंदीचा आरंभ एखाद्या एका घटनेने झाला नाही. २०१० ते २०१३ या तेजीच्या वर्षांत सुरू झालेल्या प्रकल्पांतील सदनिका बाजारात येत राहिल्या आणि नोकरदार वर्गाच्या उत्पन्नाच्या तुलनेत भाव आवाक्याबाहेर गेले. घर राहण्यासाठी घेणाऱ्यांबरोबरच विमानतळ सुरू झाल्यावर विकण्याच्या हेतूने घेणाऱ्यांची संख्याही मोठी होती. विमानतळ लांबत गेला तसा हा वर्ग बाजारातून मागे सरला. त्याच वेळी जुन्या गुंतवणूकदारांच्या सदनिका पुनर्विक्रीस येऊन नव्या प्रकल्पांशी स्पर्धा करू लागल्या.

८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने रोखीच्या व्यवहारांना खीळ घातली. १ मे २०१७ पासून महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, म्हणजेच महारेरा, कार्यरत झाले आणि नोंदणीशिवाय जाहिरात व विक्री करण्यास मनाई झाली. १ जुलै २०१७ पासून बांधकामाधीन सदनिकांवर वस्तू व सेवा कराचा परिणामी दर १२ टक्के झाला. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या सदनिकांना हा कर लागू नसल्याने ग्राहक तयार घरांकडे वळले. बांधकामाधीन प्रकल्पांस ग्राहकांच्या हप्त्यांतून मिळणारा पैसा त्यामुळे आटला.

सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस समूहाने कर्जफेड थकवल्यानंतर बिगर-बँक वित्तीय कंपन्यांकडून विकासकांना मिळणारा पतपुरवठा थांबल्यागत झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने डीएचएफएल या गृहवित्त कंपनीचे संचालक मंडळ बरखास्त केले. मार्च २०२० मधील टाळेबंदीत बांधकामे बंद पडली व मजूर गावी परतले.

कारणे

भविष्यातील प्रकल्पांवर आधारलेले भाव

नवी मुंबईच्या दक्षिण भागातील भावांत अनेकदा अस्तित्वात नसलेल्या सुविधांची किंमत आधीच धरलेली होती. विमानतळास २०१० मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. त्यासाठी उलवे टेकडी कापणे, उलवे नदीचा प्रवाह वळवणे आणि दहा गावांचे पुनर्वसन करणे आवश्यक होते. १८ फेब्रुवारी २०१८ रोजी भूमिपूजन झाले आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन. तत्त्वतः मान्यतेपासून उद्घाटनापर्यंत १८ वर्षे लोटली. बेलापूर-पेंधर मेट्रोचे काम २०११ मध्ये सुरू झाले, पण प्रवासी सेवा १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली. उरण लोहमार्ग नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत आणि १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत पोहोचला. शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू, म्हणजे २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू, त्याच दिवशी खुला झाला.

पाणी व नागरी सुविधा

नवी मुंबई महानगरपालिकेकडे स्वतःच्या मालकीचे मोरबे धरण आहे. खारघर, तळोजा, उलवे, द्रोणागिरी इत्यादी भाग मात्र हेटवणे धरण आणि अन्य संस्थांकडून मिळणाऱ्या पाण्यावर अवलंबून राहिले. उन्हाळ्यात टँकरने पाणी विकत घ्यावे लागणाऱ्या परिसरात घराची मागणी टिकून राहणे कठीण होते. शाळा, रुग्णालय आणि बससेवा नसलेल्या उपनगरांत इमारती पूर्ण होऊनही वस्ती विरळ राहिली.

भाव उतरण्यातील अडथळे

शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य दरतक्त्यांपेक्षा, म्हणजे रेडी रेकनरपेक्षा, कमी किमतीस घर विकले तरी मुद्रांक शुल्क दरतक्त्यानुसारच आकारले जाते. शिवाय फरकाची रक्कम विशिष्ट मर्यादेपलीकडे गेल्यास विक्रेता व खरेदीदार दोघांवर आयकर लागू शकतो. प्रारंभी याच प्रकल्पात अधिक भावाने घर घेतलेल्या ग्राहकांचा रोष आणि तारण मालमत्तेचे मूल्य घटण्याची भीती, यांमुळेही विकासक जाहीर भाव कमी करण्यास तयार नसत. परिणामी विक्री थांबली तरी भाव टिकून राहिला.

परिणाम

घर घेणारी कुटुंबे

बांधकामाधीन घर घेतलेल्या कुटुंबास ताबा लांबल्यास घरभाडे आणि कर्जाचा हप्ता असे दोन्ही खर्च एकाच वेळी करावे लागतात. ३० लाख रुपयांच्या, ९ टक्के व्याजाच्या आणि २० वर्षांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे २७ हजार रुपये होतो. अशा कुटुंबाचे घरभाडे दरमहा १५ हजार असेल, तर ताब्यास दोन वर्षे उशीर झाल्याने केवळ भाड्यापोटी ३ लाख ६० हजार रुपये अधिक खर्च होतात. ‘ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही’ अशा योजनांत विकासकाने व्याज भरणे थांबवल्यावर बँकेचा तगादा कर्जदार ग्राहकामागेच लागे, कारण कर्ज त्याच्या नावावर असे. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना कर्जाची रक्कम बांधकामाच्या टप्प्यांशी निगडित ठेवण्यास सांगितले, तर राष्ट्रीय आवास बँकेने २०१९ मध्ये गृहवित्त कंपन्यांना अशी कर्जे देण्यापासून परावृत्त केले.

अर्धवट भरलेल्या इमारतींत उद्वाहन, सुरक्षारक्षक आणि पाण्याचा खर्च मोजक्या रहिवाशांत वाटला जातो. भोगवटा प्रमाणपत्राविना राहावयास गेलेल्या कुटुंबांस नियमित नळजोडणी मिळण्यातही अडचणी येतात.

प्रकल्पग्रस्त भूखंडधारक

सदनिकांच्या बदल्यात भूखंड दिलेल्या शेतकऱ्यांचा मोबदला इमारत पूर्ण होण्यावर अवलंबून असतो. काम थांबल्यास त्यांच्या हाती जमीनही राहत नाही आणि घरही येत नाही. ग्राहकांना महारेराकडे दाद मागता येते. भूखंडधारकाचे हक्क मात्र मुख्यतः त्याच्या करारातील अटींवर ठरतात.

स्वस्त पण अनधिकृत घरे

अधिकृत घरे आवाक्याबाहेर राहिल्याने गावठाणांलगतच्या परवानगीविना बांधलेल्या इमारतींतील घरांना मागणी राहिली. दिघा येथील ९९ अनधिकृत इमारतींचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१५ पासून त्यांपैकी काही पाडण्यात आल्या. तेथे आयुष्यभराची बचत गुंतवलेल्या रहिवाशांपुढे निवाऱ्याचा प्रश्न उभा राहिला. मोठा न विकलेला साठा आणि परवडणाऱ्या घरांची टंचाई या दोन्ही गोष्टी शहरात एकाच वेळी अस्तित्वात असण्याचे हे ठळक उदाहरण होते. देशपातळीवरही २०११ च्या जनगणनेत शहरी भागांत सुमारे १.१ कोटी घरे रिकामी आढळली होती.

उपाययोजना

स्थावर संपदा अधिनियम, २०१६ नुसार ग्राहकांकडून मिळालेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि करार नोंदवण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताबा लांबल्यास ग्राहकास प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह परतावा मागण्याचा, अथवा प्रकल्पात राहून विलंबकाळाचे व्याज मागण्याचा हक्क आहे. परताव्याचा आदेश न पाळल्यास जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुलीची तरतूद आहे. मात्र विकासकाकडे जप्त करण्याजोगी मालमत्ता नसल्यास आदेश कागदावर राहतो.

१ एप्रिल २०१९ पासून वस्तू व सेवा कराचा दर बांधकामाधीन घरांसाठी ५ टक्के आणि परवडणाऱ्या घरांसाठी १ टक्का करण्यात आला. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्र शासनाने रखडलेल्या प्रकल्पांच्या पूर्ततेसाठी ‘स्वामी’ निधी जाहीर केला. राज्य शासनाने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची आणि १ जानेवारी ते ३१ मार्च २०२१ या काळात २ टक्क्यांची सवलत दिली. मे २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवर आला होता. या दोहोंच्या एकत्रित परिणामाने दस्तनोंदणी वेगाने वाढली आणि मंदीचा हा टप्पा संपुष्टात आला.

सिडकोने २०१८ मध्ये १४,८३८ घरांची सोडत काढली. त्यांपैकी ५,२६२ घरे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी आणि ९,५७६ घरे अल्प उत्पन्न गटासाठी होती. २०१९ मध्ये आणखी एक मोठी योजना जाहीर झाली.

तुलना

नोएडा व ग्रेटर नोएडा येथेही जमीन प्राधिकरणाकडून भाडेपट्ट्याने मिळते. तेथे विकासकांना अधिमूल्याचा अल्प हिस्सा भरून भूखंड मिळत असे आणि उर्वरित रक्कम हप्त्यांनी द्यावयाची असे. ही थकबाकी वाढल्याने हजारो ग्राहकांच्या घरांची नोंदणी अडकली; आम्रपाली समूहाच्या प्रकरणात जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयास हस्तक्षेप करावा लागला. नवी मुंबईत अधिमूल्य लवकर भरावे लागत असल्याने प्राधिकरणाची थकबाकी त्या प्रमाणात साचली नाही. त्याऐवजी विकासकांवरील कर्जाचा बोजा वाढला आणि तो घरांच्या किमतींत उतरला.

सद्यस्थिती

२०२१ नंतर बाजार सावरला. रेपो दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० टक्क्यांवर जाऊनही मागणी टिकून राहिली. अटल सेतू, मेट्रो आणि विमानतळ प्रत्यक्षात येत असल्याचा त्यात वाटा होता. ही वाढ सर्व उत्पन्नगटांत सारखी नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये सिडकोने ‘माझे पसंतीचे सिडकोचे घर’ या योजनेत २६,००० घरे उपलब्ध केली आणि १९ फेब्रुवारी २०२५ रोजी त्यांची सोडत काढली. तळोज्यातील घरांची किंमत सुमारे २५ लाखांपासून सुरू होत होती, तर वाशीतील अल्प उत्पन्न गटाच्या घराची किंमत सुमारे ७४ लाख रुपये होती. अल्प उत्पन्न गटासाठी या किमती परवडण्याजोग्या नाहीत, अशी टीका झाली आणि सोडतीत घर लागलेल्या अनेकांनी ते नाकारले.

शहर तुलनेने नियोजित असूनही त्याचा गृहबाजार पायाभूत प्रकल्पांच्या घोषणांशी बांधलेला राहिला आहे. सिडकोने विमानतळाभोवतीच्या प्रभावक्षेत्रासाठी २०१३ पासून ‘नैना’ हे नियोजन क्षेत्र हाती घेतले असून तेथे जमीन संपादित न करता नगररचना योजनांद्वारे विकास केला जात आहे. तेथील जमीन मूळ मालकांकडेच राहत असल्याने निविदेच्या बोलीवर आधारलेली भावव्यवस्था या क्षेत्रास जशीच्या तशी लागू होत नाही. रस्ते व पाणी यांआधी घरांची विक्री सुरू होण्याचा प्रश्न मात्र तेथेही उपस्थित होतो.